पायाखालचा पाषाण

2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात पदपथ आणि चौक बांधताना सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकपूर्वी तिथल्याच खडकाचा विचार व्हायला हवा. पांढुर्ण्याच्या परिसरात दख्खनचा ट्रॅप, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचे थर, पसरला असून, त्यातील घट्ट बेसाल्ट, ज्याला लोक काळा दगड म्हणतात, पाणी फार थोडे शोषतो आणि चाकांखाली सहजासहजी झिजत नाही. मात्र त्याच थरांतील सच्छिद्र किंवा मुरमाड दगड फरसबंदीला निरुपयोगी ठरतो, म्हणून खाणीतला थर पारखूनच निवड करावी लागते. याच जिल्ह्यातील सौंसरचे नाव तर भूशास्त्राने 'सौंसर समूह' या अतिप्राचीन रूपांतरित खडकांना दिले असून, त्यांत मँगनीजच्या जोडीला संगमरवरही आढळतो. पण हा चुनखडीजन्य दगड आम्लाने डागाळतो, तेव्हा वर्दळीच्या रस्त्यापेक्षा तो इमारतीच्या आतच शोभतो. इथल्या दगडाची ख्याती मात्र जाम नदीकाठच्या गोटमारीपुरतीच, म्हणजे तिथल्या दगडफेकीच्या जत्रेपुरतीच, उरावी, हे विचित्रच. वाळूच्या थरावर उतार राखून बसवलेला घडीव दगड जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी उचलून पुन्हा तिथेच लावता येतो, आणि पालिकेच्या निविदेत पहिल्या दराबरोबर हा पुनर्वापरही हिशेबात धरला पाहिजे.