ग्रॅव्हल त्यांचे, मुरूम आपला

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी अलीकडे एक नवा छंद जोपासला आहे आणि त्याच्या जोडीने एक जुनाच लेखनप्रकार नव्याने हाती घेतला आहे. छंद ग्रॅव्हल बायकिंगचा. जाड टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल घ्यायची, डांबरी रस्ता सोडायचा आणि खडी-मातीच्या वाटेने माळ तुडवत जायचे. लेखनप्रकार प्रवासवर्णनाचा, बोटीची आणि आगगाडीची जागा सायकलीने घेतली, इतकाच फरक. दगडी कुंपणे, चरणाऱ्या मेंढ्या, धुके, चर्चचा मनोरा, खेड्यातला पब हे सारे यथाक्रम येते आणि शेवटी ठरलेला सुस्कारा येतो: 'आपल्याकडे अशा वाटा कधी होणार?' आमचे भांडण या सुस्काऱ्याशी आहे. तो निरागस वाटतो, पण त्यात दोन्ही देशांविषयीचे अज्ञान आहे.

आधी त्यांच्या देशाविषयी. विंचेस्टरहून निघून स्टोनहेंज, एव्हबरी, रिजवे असे करत पुन्हा विंचेस्टरला येणारा सुमारे ३५० किलोमीटरचा 'किंग आल्फ्रेड्स वे' हा मार्ग 'सायकलिंग यूके' या संस्थेने २०२० साली जाहीर केला. त्यासाठी नवा रस्ता कुणी बांधला नाही. जुन्या घोडवाटा, गाडीवाटा आणि गल्ल्या नकाशावर एकमेकींना जोडल्या, एवढेच. जोडता आल्या, कारण त्या शिल्लक होत्या. आणि शिल्लक होत्या, कारण त्यांच्यासाठी माणसे भांडली होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुंपणबंदीच्या कायद्यांनी सामायिक जमिनी खाजगी झाल्या. जॉन क्लेअरची कविता 'निसर्गकविता' म्हणून शिकवली जाते. वास्तविक हेल्पस्टन या आपल्या गावाची माळराने आणि वाटा बंद होताना पाहिलेल्या शेतमजुराची ती फिर्याद आहे. १९३२ साली किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो कामगार मालकांची बंदी झुगारून चढले आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने वाटांची अधिकृत नोंद करणे स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केले. घोडवाटेवरून सायकल नेण्याचा हक्क १९६८ च्या कायद्याने दिला, तोही चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट देण्याच्या अटीवर. आजही तिथल्या पायवाटांवर सायकलस्वाराला सरसकट हक्क नाही. आपला सायकलस्वार ज्याला 'निसर्गसौंदर्य' म्हणतो ते असे कोर्टकचेऱ्यांतून आणि नोंदवह्यांतून टिकलेले आहे.

रेमंड विल्यम्सने 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथात हेच बजावले होते: ग्रामीण दृश्य रम्य दिसते ते पाहणारा उभा कुठे आहे आणि राबणारा चौकटीबाहेर कसा ठेवला आहे, यावर. आमच्या प्रवासवर्णनाने हा प्रश्न क्वचितच विचारला. दृश्य पाहावे, उपमा द्यावी, मायदेशाची तुलना करून हळहळावे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळावे, ही त्याची रीत. ही जमीन कुणाची, ही वाट कुणाच्या हक्काची, हे विचारणे त्याला अरसिकपणाचे वाटत आले.

आता आपल्याकडे. त्यासाठी जत तालुकाच घेऊ. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा हा अवर्षणग्रस्त प्रदेश. डफळे घराण्याचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले, दक्षिण सातारा जिल्ह्यात आले आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. पूर्वेकडच्या गावांत घराघरांत कन्नड. पाण्याच्या दुखण्यावरून २०२२ साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी इथल्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा कुठे उर्वरित महाराष्ट्राने नकाशात जत शोधले. या तालुक्यात माळ आहे, मुरूम आहे, माडग्याळी मेंढ्या आहेत, त्यांच्यामागे चालणारे धनगर आहेत. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला सीमेपलीकडून पायी येणारे भाविक आहेत. इंग्रजी चित्रातले सगळे घटक आहेत. धुके तेवढे नाही. तरीही इथल्या मुरमाच्या वाटेला आपण 'मागासलेपण' म्हणतो आणि तीच वाट विल्टशरमध्ये भेटली की 'ग्रॅव्हल' म्हणतो. शब्द बदलला की धुळीलाही प्रतिष्ठा येते!

'अशा वाटा कधी होणार' हा प्रश्नच म्हणून चुकीचा आहे. वाटा होत्या. गावनकाशावर त्या तुटक रेषांनी आजही दिसतात: गाडीवाट, पायवाट, शिवरस्ता. खरा प्रश्न असा की नकाशावरची ती रेषा शिवारात कुठे गेली? बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने सरकला, पाणंदीत बाभळी माजल्या, कुणी तारेचे कुंपण घातले, आणि मधल्या शेतकऱ्याला स्वतःच्या रानात जायला वाट उरली नाही. रस्त्याचा अडथळा दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराला दिलेला आहे. बांधावरून वाट देण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली शासनाने 'मातोश्री' योजना आणली. कायदा आहे, योजनाही आहे. ज्याच्या आधारे दोन्ही उभी राहतात ती सामाजिक स्मृती मात्र विरत चालली आहे. आणि स्मृती हा विषय तर आपला, साहित्यवाल्यांचा.

भाषेकडे पाहा. दीर्घ वापराने मिळणाऱ्या हक्काला मराठीत 'वहिवाट' म्हणतात. हक्काच्या या शब्दातच वाट आहे. इंग्लंडात वीस वर्षे अखंड वापरलेली वाट सार्वजनिक मानण्याचे तत्त्व १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये आहे. त्या तत्त्वाचा गाभा आपल्या एका शब्दात मुरलेला होता. 'चाकोरी' म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी पाडलेली घळ. आमचे विद्यार्थी प्रश्नपत्रिकेत 'चाकोरीबाहेरचा लेखक' असे सर्रास लिहितात. ती चाकोरी कधी जमिनीवर होती, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. 'पाणंद' हा शब्द तर वर्गात समजावून सांगावा लागतो. वाट आधी शिवारातून जाते की भाषेतून, हा वाद बाजूला ठेवू. दोन्ही एकदमच जातात.

ग्रामीण साहित्याच्या अध्यापनानेही इथे कसूर केली आहे. 'बनगरवाडी' (१९५५) सुरू होते ती तरुण मास्तरच्या पायी येण्याने आणि संपता संपता दुष्काळात माणसे-मेंढरे गाव सोडून वाटेला लागतात. आम्ही मात्र तिचे व्यक्तिचित्रण, वातावरणनिर्मिती, बोलीचा वापर अशी ठराविक कप्प्यांत विभागणी करतो. कादंबरीभर पायाखाली असलेली वाट 'वातावरण' या कप्प्यात पडून राहते. योगायोग असा की त्याच १९५५ साली इंग्लंडात खडबडीत वाटांवरून सायकल नेणाऱ्यांची 'रफ स्टफ फेलोशिप' स्थापन झाली. त्यांनी आपल्या वाटांची छायाचित्रे आणि टिपणे जपली. आम्ही आपल्या वाटांचे 'वातावरण' केले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पावसाळ्यात चिखलातून बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या कुटुंबाला मुरमाच्या वाटेचे कौतुक कुणी सांगायचे? डांबर ही गावाची गरज आहे, चैन नाही. आम्हाला ते पूर्ण मान्य आहे. इंग्लंडातही चांगल्या रस्त्यांची मागणी संघटितपणे आधी सायकलस्वारांनीच केली. तिथली 'रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन' १८८६ साली त्यांच्याच संघटनांनी उभी केली. गुळगुळीत रस्ता मिळाल्यावरच खडबडीत वाटेचा छंद परवडतो. मात्र डांबर आले म्हणून त्यांनी घोडवाट कागदावरून पुसली नाही. आपण डांबराच्या आशेत पाणंदही गमावतो आणि पुष्कळदा डांबरही लांबतेच. ज्या वाटेने सायकलस्वार हौसेने जाईल त्याच वाटेने शेतकऱ्याची बैलगाडी, धनगराचा कळप आणि शाळेची पोर जाते. वाटेचा हक्क आधी त्यांचा, हौस नंतरची.

तेव्हा सुस्कारे पुरे. मराठी विभागांनी एक साधे काम हाती घ्यावे. प्रकल्पासाठी पुन्हा एकदा 'अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण' देण्याऐवजी विद्यार्थ्याला त्याच्या गावचा नकाशा आणायला सांगावे. त्यावरची प्रत्येक तुटक रेषा त्याने पायी किंवा सायकलीने शोधावी. ती कुठे तुटली ते लिहावे. म्हाताऱ्यांकडून त्या वाटेचे नाव विचारावे, जतच्या पूर्वेला कन्नड नावही. असे शंभर गावांचे वाचन जमले तर ते ग्रामीण साहित्याच्या अभ्यासाला आणि तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्यालाही पुरावा म्हणून उपयोगी पडेल. मग कुणी खुशाल त्या वाटेला ग्रॅव्हल म्हणावे. मुरूम कुठला आणि वहिवाट कुणाची, हे एव्हाना लिहिलेले असेल.