एरो बेटाची वीजबोट

डेन्मार्कच्या दक्षिणेला एरो हे जेमतेम सहा हजार वस्तीचे बेट आहे. त्याला मुख्य भूमीशी जोडणारा पूल नाही. मुख्य भूमीशी सारी ये-जा बोटीवर अवलंबून. म्हणूनच इथे बोट बदलणे म्हणजे गावाचे जगणेच बदलणे. 2019 मध्ये सोबी ते फ्यून्सहाव या मार्गावर ‘एलेन’ ही पूर्णपणे विजेवर चालणारी फेरीबोट सुरू झाली. तिची बॅटरी 4.3 मेगावॉट-तासांची, सुमारे 41 किलोमीटरची जाऊन-येऊन फेरी ती एका चार्जवर करते. सोबीच्या धक्क्याला बोट लागली की यांत्रिक हात पुढे येतो, प्लग जोडतो आणि चार्जिंग सुरू होते. बोटीवर आणीबाणीसाठीसुद्धा डिझेल जनरेटर नाही. हे धाडस एका दिवसात आलेले नाही. बेटावरच्या पवनचक्क्यांत रहिवाशांनी स्वतःचे पैसे घातले आहेत, त्यामुळे वारा ही त्यांच्या घरचीच मिळकत ठरली. बोटसेवाही स्थानिक नगरपालिकेच्या मालकीची. धक्क्यावर उतरलेल्या माणसाला गाडीची गरज पडू नये म्हणून बेटावरची बस सर्वांना मोफत आहे, पाहुण्यांनाही. बोट, बस आणि वीज या तिन्हींत गावाचा थेट वाटा असल्यानेच एरोचा प्रयोग टिकला.