यंत्र सर्वांचे, मग मूल्य कोणाचे?

परळ-लालबागच्या ज्या आवारांतून एकेकाळी मागांचा खडखडाट ऐकू येई, त्यांपैकी काहींत आज संगणकाच्या पडद्यासमोर तरुण बसलेले दिसतात. फिनिक्स मिलच्या जागी बाजारसंकुल उभे राहिले, कमला मिलच्या आवारात कार्यालये थाटली गेली. यंत्र बदलले, यंत्राविषयीचा मूळ प्रश्न मात्र बदललेला नाही.

सॉफ्टवेअर ही आता दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही. हिशेब ठेवणे, साठ्याची नोंद करणे, मागणी स्वीकारणे ही कामे करणारी प्रणाली फुकट किंवा अल्प भाड्याने कोणासही मिळू शकते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे दादरची भाजीवाली आणि बडे भांडार यांच्यापाशी पैसे घेण्याचे साधन एकच आहे. निकोलस कार या अमेरिकन लेखकाने २००३ सालीच असे प्रतिपादन केले होते की, माहिती-तंत्रज्ञान विजेप्रमाणे सर्वत्र उपलब्ध झाले की त्यापासून कोणा एकाला विशेष लाभ उरत नाही. मग ग्राहकाला जे अधिक मिळते, ते येते कोठून?

या प्रश्नाचे एक उत्तर भांडवलशाहीने गिरणगावात पूर्वीच दिलेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मालकांनी भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेतले. तेथला माग गिरणीतल्या मागाहून श्रेष्ठ नव्हता. तेथल्या कामगाराला संघटनेचे बळ नव्हते, कामाच्या तासांना धरबंध नव्हता; कापडाच्या स्वस्ताईचे रहस्य एवढेच होते.

काही मिनिटांत घरपोच किराणा देणाऱ्या कंपन्यांची कथा फारशी निराळी नाही. त्यांची तत्परता ही केवळ प्रणालीची करामत नव्हे. पावसापाण्यात दुचाकी हाकणाऱ्या तरुणाने पत्करलेला तो धोका आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार असे फुटकळ कामावर जगणारे ७७ लाख श्रमिक २०२०-२१ साली देशात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची दखल घेतली खरी. परंतु पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचा माणूस अशीच त्यांची व्याख्या केली!

याच भूमीत दुसरेही उत्तर घडलेले आहे. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत 'अपना बाजार'चे बीज पडले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करण्याची रीत घालून दिली. त्या काळी त्यांच्या हाती संगणक नव्हता. चोख वजन, निर्भेळ माल, रास्त भाव आणि तक्रार ऐकणारा ओळखीचा माणूस, हेच ग्राहकाला मिळणारे मूल्य होते. ते संघटनेतून निर्माण झाले होते.

अर्थात, केवळ ध्येयवादाच्या पुण्याईवर दुकान चालत नाही. फळीवर माल नसेल, गल्ल्यावर खोळंबा होत असेल, तर 'सहकारी' ही पाटी पाहून गृहिणी थांबणार नाही, आणि तिने थांबावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. म्हणूनच बड्या कंपन्यांचे जे यंत्र आज सर्वांना खुले झाले आहे, ते सहकारी भांडारांनी निःसंकोच वापरले पाहिजे. मात्र त्यात साठणारी माहिती सभासदांच्या मालकीची असावी, आणि माल पोहोचविणारा तरुण हा ठरावीक वेतन व विमा असलेला, संस्थेचा सभासद असलेला कामगार असावा.

गिरगावपासून लालबागपर्यंतच्या चाळींतून अन् नव्या इमारतींतून अशी ग्राहक मंडळे उभारणे हे कार्यकर्त्यांचे तातडीचे काम आहे. यंत्र विकत मिळते. शेजाऱ्याचा विश्वास मात्र दारोदार हिंडूनच मिळवावा लागतो, आणि त्या कामाचा अनुभव समाजवादी चळवळीपाशी आहे.