दाखल करताना रुग्णाला त्याचे हक्क सांगा

मनोरुग्णालयात दाखल करण्याची वेळ येते तेव्हा बोलणे बहुतेक वेळा डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यातच होते. सही नातेवाइकांची, प्रश्नही त्यांचेच. ज्याच्या शरीराचा आणि स्वातंत्र्याचा निर्णय चाललेला असतो, तो मात्र बाजूला बसून असतो. २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याला हे मान्य नाही. कोणत्या तरतुदीखाली आणि कोणत्या निकषांवर दाखल केले, आजार काय, उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम कोणते आणि दाखल करण्याच्या निर्णयाविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हे सारे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगण्याचे बंधन कलम २२ घालते. या कायद्यातले इतर बहुतेक हक्क या एका कलमावर अवलंबून आहेत, आणि दुर्लक्ष नेमके त्याच्याकडे होते, असे माझे मत आहे.

कलम ८९ घ्या. रुग्णाची स्वतःची मागणी नसताना, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर त्याला ३० दिवसांपर्यंत ठेवता येते. असे दाखल केलेली व्यक्ती स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत आणि इतर कोणी असल्यास सात दिवसांत मंडळाला कळवावे लागते. रुग्णाने हरकत घेतली तर मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो. व्यवस्था चांगली आहे, पण हरकत घेता येते हे माहीत असेल तरच ती घेतली जाणार ना? मोफत कायदेशीर मदत आणि आपले वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क यांचेही तसेच. भूल न देता विजेचे झटके देण्यास आणि साखळीने बांधण्यास कलम ९५ ने बंदी केली आहे. पण नुसता कायदा असून भागत नाही: तमिळनाडूत एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हाही १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होताच.

तीव्र आजारात माणसाला काही कळत नाही, मग सांगायचे कोणाला, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही, परंतु कायद्याने त्याचा विचार केलेला आहे. रुग्ण ऐकण्याच्या स्थितीत नसेल तर माहिती ताबडतोब त्याच्या प्रतिनिधीला द्यायची आणि तो सावरताच त्यालाही पूर्ण सांगायचे. शिवाय आजार आहे म्हणजे निर्णयक्षमता नाही, असे हा कायदा मानत नाही. एखादा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून तो घेणाऱ्याला अक्षम ठरवता येत नाही. हक्क कळल्यावर रुग्ण उपचारच नाकारतील, ही घरच्यांची भीती मला समजते. रात्र रात्र जागून काढलेल्या आईवडिलांना या भीतीसाठी दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर संमतीविना दाखल करण्याची आणि तातडीच्या उपचारांची सोय याच कायद्यात आहे. डॉक्टरांना वेळ नाही म्हणावे, तर हे काम प्रशिक्षित परिचारिका किंवा समाजसेवकही करू शकतील.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत आणि प्रत्येक खासगी केंद्रात मराठी, हिंदी, उर्दू आणि आदिवासी बोलींत हक्कपत्रक असावे. निरक्षर रुग्णाला ते वाचून दाखवावे. कोणी, कोणत्या तारखेला समजावले याची नोंद केसपेपरवर करावी आणि मंडळांनी भेटीच्या वेळी ती तपासावी. आरोग्य विभागाने तसे परिपत्रक काढावे. तोवर नातेवाइकांना माझी विनंती आहे, की सही करण्याआधी ही माहिती लेखी मागा आणि आपल्या माणसालाही ऐकवा.