स्वस्त मेमरी कार्ड म्हणजे काय रे भाऊ?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर "तुझा सूर फार चढला होता" असे फोन यायला नकोत.

भांडण आहे दोन सल्ल्यांशी. कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे हे दोनच सल्ले मिळतात. पहिला काउंटरच्या पलीकडून येतो: "भाऊ, बत्तीसचं कायले घेता? तेवढ्याच पैशात पाचशे बाराचं हाय, जिंदगीभर पुरते." दुसरा येतो पुण्या-मुंबईच्या भाच्या-पुतण्यांकडून, जे व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेले असतात: "काका, घ्यायचं तर सगळ्यात फास्टच घ्या, नाहीतर घेऊच नका." पहिला सल्ला फोटो बुडवतो, दुसरा पैसे. मधली जी साधी आणि खरोखर स्वस्त वाट आहे, ती कोणीच दाखवत नाही.

"आता फोन असताना कॅमेरा हवाच कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. एक तर कपाटात पडलेले जुने डिजिटल कॅमेरे पोरींनी पुन्हा बाहेर काढलेत, त्या फोटोंचा रंग त्यांना आवडतो म्हणे. आणि कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात लांबवर उभा असलेला काळवीट फोनमध्ये ठिपक्याएवढा दिसतो, तिथे झूमच पाहिजे. तर कॅमेरा आहे, आणि त्यामुळे कार्डाचा प्रश्नही आहे.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या वाशिम जिल्ह्यातला माणूस भोळा अजिबात नाही. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर तो शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आठवड्याभराने उघडून किती उगवले ते मोजतो. सत्तर उगवले तर पेरायचं, कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर नाद सोडायचा. बाजार समितीत व्यापाऱ्याने ओलावा मोजायचं यंत्र काढलं की त्याचे डोळे यंत्राच्या आकड्यावरून हलत नाहीत. पोत्यावर काय छापलंय यावर त्याने कधीच विश्वास ठेवलेला नाही.

आणि हाच माणूस मेमरी कार्ड घेताना मात्र पाकिटावरचा आकडा वाचतो, पैसे देतो आणि थेट लग्नात पेरतो! मला राग येतो तो याचा.

कारण तो आकडा खोटा असू शकतो. कार्डाच्या आत दोन गोष्टी असतात. एक, प्रत्यक्ष साठवणारी चिप. दुसरी, कंट्रोलर, म्हणजे त्या कोठाराचा मुनीम. कॅमेरा स्वतः कोठार मोजत नाही, मुनिमाला विचारतो. मुनिमाला खोटं बोलायला शिकवलं असेल तर कोठार आठ जीबीचं असूनही तो बिनदिक्कत "पाचशे बारा" सांगतो. कॅमेऱ्यात तेच दिसतं, कॉम्प्युटरवरही तेच दिसतं. सुरुवातीचे फोटो नीट उतरतात, म्हणून संशयही येत नाही. खरी जागा संपली की पुढचे फोटो एक तर जुन्यांवर चढतात नाहीतर हवेत जातात. कॅमेरा मात्र इमानाने खटाखट आवाज करत राहतो.

आमच्या नात्यातल्या एका बारशाचे फोटो असेच आहेत. रांगोळी आहे, सजवलेला पाळणा आहे, ओटीच्या ताटाचे चार फोटो आहेत. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या पणजीचा एकही नाही. काढले होते पुष्कळ, उघडत एकही नाही. पणजी पुढच्या वर्षी गेल्या. कोणत्या दुकानातलं कार्ड, ते सांगत नाही, त्या दुकानदारालाही वरून तेच आलं असेल. पण "रिकव्हरी करून मिळतील का रे?" या प्रश्नाला उत्तर देणं फार अवघड होतं. चुकून डिलीट झालेले फोटो 'फोटोरेक'सारख्या फुकट प्रोग्रॅमने बऱ्याचदा परत मिळतात. जे कधी लिहिलंच गेलं नाही, ते कुठून मिळणार?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "मग नावाजलेल्या कंपनीचंच घ्यायचं." अहो, नाव छापायला काय लागतं? २०१० साली बनी हुआंग या अमेरिकी हार्डवेअर इंजिनिअरने एका नामांकित ब्रँडच्या नावाची संशयास्पद मायक्रोएसडी कार्डं चीनमधल्या शेन्झेनच्या बाजारातून गोळा केली, उकलून आतल्या चिपपर्यंत तपासली आणि सगळं जाहीर लिहून ठेवलं. खोटी कार्डं बेमालूम असतात, हे तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. ब्रँड जरूर बघा, पण त्यावर थांबू नका.

थांबायचं कुठे, तर गोणपाटाशी! कार्डाचीही उगवण तपासता येते. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' आणि लिनक्स-मॅकवर 'एफथ्री' हे दोन फुकट प्रोग्रॅम आहेत. ते कार्ड शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतात. ३२ जीबीच्या कार्डाला तासभर, फार तर थोडा जास्त वेळ. कार्ड आणल्याच्या दिवशीच हे करा, बारशाच्या दिवशी नाही. घरी कॉम्प्युटर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा, चहा तरी मिळेल.

एक खुलासा. ३२ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर २९.८ च्या आसपास दिसतं, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, आपली बाजू पडेल.

आता भाच्या-पुतण्यांकडे वळतो. बाळांनो, पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेला "१०० एमबी प्रति सेकंद" हा बहुतेक वेळा वाचण्याचा जास्तीत जास्त वेग असतो. कॅमेऱ्याला लागतो लिहिण्याचा, आणि तोही कमीत कमी किती ते महत्त्वाचं. ते बारक्या चिन्हांत असतं: गोलात १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, इंग्रजी यू अक्षरात ३ किंवा व्ही ३० म्हणजे किमान ३०. आता हिशोब करा. साध्या कॅमेऱ्याचा फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला २४ मेगाबिट घेतो. आठने भागा, तीन एमबी झाले. म्हणजे क्लास १० चं कार्ड गरजेच्या तिप्पट वेगवान आहे! शंभर मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ धरला तरी साडेबारा, त्याला व्ही ३० भरपूर झालं. व्ही ९० चं महागडं कार्ड जुन्या कॅमेऱ्यात घालणं म्हणजे बैलगाडीला विमानाची चाकं लावणं. त्या कार्डाच्या मागे संपर्काची जी दुसरी रांग असते, तिला भेटायला कॅमेऱ्यात कोणी नसतंच.

हां, उडी मारणाऱ्या काळविटाचे सेकंदाला आठ-दहा फोटो रॉ स्वरूपात काढणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने जरूर वेगवान घ्यावं, पण आधी कॅमेऱ्याला तो वेग झेपतो का ते पुस्तिकेत बघून.

जुना कॅमेरा बाहेर काढलेल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. मूळ एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचं. २००६ साली एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत. २००९ साली एसडीएक्ससी, ते त्यापुढे दोन टीबीपर्यंत. नवा कॅमेरा जुनं कार्ड घेतो, जुना कॅमेरा नवं कार्ड सहसा घेत नाही. म्हणजे "जिंदगीभर पुरणारं" ते पाचशे बारा अगदी अस्सल असलं तरी २००७ च्या कॅमेऱ्यात कार्ड एररच दाखवणार. कॅमेऱ्यावर किंवा पुस्तिकेत एसडीएचसी लिहिलं असेल तर ३२ जीबी घ्या आणि विषय संपवा. पाच एमबीचा एक फोटो धरला तर सहा हजारांवर फोटो मावतात. पोहरादेवीची रामनवमीची अख्खी यात्रा टिपली तरी जागा उरेल.

म्हणून माझं म्हणणं असं: स्वस्त कार्ड म्हणजे छोटं, खरं आणि तपासलेलं. आणि एकाऐवजी दोन. "दोन घेतली तर स्वस्त कसलं?" असं विचाराल. अहो, खरं कार्डही मरतं. पाण्यात पडतं, हरवतं, वाकतं, काही वेळा कारण न सांगता जातं. हळदीचे एकात आणि लग्नाचे दुसऱ्यात असले तर सगळंच एकदम जात नाही. आपण सगळं शेत एकाच पिकाखाली घालत नाही, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवतो, त्यातलाच हा शहाणपणा. कार्ड म्हणजे कोठार नव्हे, शेतातून घरी माल आणायचं पोतं आहे. घरी आलं की त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवायचे, उघडून बघायचे आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.

शेवटचं आणि सगळ्यात कटकटीचं: बिल घ्या. "बिल कायले पाहिजे भाऊ, वीस रुपये कमी करतो" याला भुलू नका. त्या वीस रुपयांत तुम्ही तक्रारीचा पुरावा विकता. पाकिटावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे, ते बघा. तपासणीत कार्ड खोटं निघालं तर बिल आणि निकालाचा फोटो घेऊन दुकानात जा. ऐकलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. "एवढ्याशा कार्डासाठी कोण जातं?" हे आपलं वाक्य त्या धंद्याचं खरं भांडवल आहे.

असो. पुढच्या लग्नसराईआधी ज्यांना कार्ड घ्यायचंय त्यांनी मला "कोणतं घेऊ?" असं विचारू नये. "घेतलं, तपासलं, बिल ठेवलं" असा निरोप द्यावा. बाकी भांडायला कॉमेंट्स उघड्या आहेतच!