नावाला भुलू नका, कामाकडे पाहा!

परीक्षा संपल्या की अनेक घरांत गेमिंग संगणकाचा हट्ट सुरू होतो. दुकानात गेल्यावर पालक विचारतात, "सर्वांत भारी प्रोसेसर कोणता?" मध्यम बजेटमध्ये हा पहिला प्रश्न असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी मॉनिटर ठरवावा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके असतात. ते सेकंदाला ६० वेळा रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. फोर-के पडद्यावर ठिपके चौपट होतात. प्रोसेसर गेमचे नियम व हालचाली सांभाळतो. त्यासाठी सहा कोअरचा रायझन ५ किंवा कोअर आय-५ बहुधा पुरतो. म्हणून आय-९ च्या नावावर खर्च करण्यापेक्षा ती रक्कम कार्डाला द्यावी. कार्डाची मेमरी निदान ८ जीबी, जमल्यास जास्त असावी.

इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' असेल, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. 'कार्ड नंतर घेऊ' म्हटले, तर पडदा काळाच राहील! एसएमपीएसमध्येही काटकसर नको. २०२३ साली आलेले आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेते, तरी त्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला जातो. बडोद्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कॅबिनेटही हवेशीर हवे.

विद्यार्थी मित्रांनो, हट्ट धरण्याआधी दोन दुकानांतले भाव काढून यादी स्वतः करा. पालकांनीही प्रत्येक वस्तूचे कारण विचारावे. ज्याला कारण सांगता येते, त्याच्या हाती संगणक द्यायला हरकत नाही.