पाणी मारण्याआधीची दहा मिनिटं

मा. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय, मुंबई यांस,



दरवर्षी १४ एप्रिलला तुमचे जवान संचलन करतात आणि १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत बोटीच्या स्फोटात गेलेल्या ६६ सहकाऱ्यांना मानवंदना देतात. द्यायलाच हवी. पण स्फोटाआधीच्या त्या दोन तासांबद्दल भाषणांतून फारसं ऐकू येत नाही. हे पत्र त्या दोन तासांसाठी.

‘फोर्ट स्टिकीन’ बोटीत कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटकं. धोक्याचा लाल बावटा मात्र लावलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, बंब आले, शेकडो टन पाणी आत सोडलं गेलं. पेटलेला कापूस त्या पाण्यावर तरंगत वर सरकला, आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं होती! बोटीच्या बाजूचा पत्रा तापून रंग सोडायला लागला. कुणी म्हणालं, बोट इथेच बुडवा. कुणी म्हणालं, बाहेर ओढून न्या. स्फोटकं जाणणाऱ्या अधिकाऱ्याने सगळी गोदी उडेल असं बजावलंही होतं. म्हणजे माहिती धक्क्यावर पोचली होती. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्करवाले, दलाचे प्रमुख, सगळे हजर होते. शेवटचा शब्द कुणाचा, एवढंच ठरलेलं नव्हतं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. होज धरलेली माणसं तोवर जागेवरच होती.

त्यांच्या शौर्याबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. मला राग येतो तो आपण शौर्यावरच थांबतो याचा.

तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ ला, अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बंदरात ‘ग्रॅन्डकॅम्प’ बोटीवरचं अमोनियम नायट्रेटचं खत पेटलं. पाण्याने माल खराब होईल म्हणून फाळके बंद करून आत वाफ सोडली गेली. हे खत जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, त्यामुळे हवा तोडून ते विझत नाही. वाफेने उलट तापलं आणि स्फोट झाला. तिथल्या स्वयंसेवी दलाचे २७ जवान गेले. २०२० साली बैरूतच्या बंदरात दहा जणांची तुकडी गोदामाची आग विझवायला धावली. दाराआड २,७५० टन अमोनियम नायट्रेट आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

परदेश कशाला? शिवडीला जुलै २०१० मध्ये बंदराच्या आवारात बेवारस पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा. मी त्याच बाजूला राहतो. एकदा हमरस्त्यावर कलंडलेल्या टँकरपाशी गेलो होतो. मागची पाटी, जिच्यावर आत कोणतं रसायन आहे ते सांगणारा चार आकडी यूएन क्रमांक असायला हवा (क्लोरीनचा १०१७, एवढा मला पाठ आहे), चिखलाने आणि गंजाने वाचता येत नव्हती. पहिल्या बंबावरचा तरुण जवान मला सहज म्हणाला, “वासावरून कळतं ओ, काका.” वासावरून कळेपर्यंत तो वायू छातीत गेलेला असतो, हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही. बंबावर श्वसनसंच होता, तो पेटीतच होता.

म्हणून मागणं मोठं नाही. प्रत्येक रासायनिक कारखान्याच्या फाटकाबाहेर, कुलुपाच्या या बाजूला, आत आज काय आणि किती आहे याचा कागद असावा. कंपनीचा माणूस सापडेपर्यंत थांबावं लागू नये. घटनास्थळी मागे फिरण्याचा हुकूम कोण देणार, ते आधीच लेखी ठरलेलं असावं, मंत्री हजर असले तरी. आणि असा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याची नंतर चौकशी लागू नये. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

पुढच्या १४ एप्रिलला संचलनानंतर एक सराव जाहीरपणे घ्या. बंब यावा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांबच थांबावा. अधिकाऱ्याने दुर्बिणीतून पाटी वाचावी, फोन करावा, जवानांनी श्वसनसंच चढवावेत. दहा मिनिटं एकही होज सुटू नये. बघे ओरडतील, “अरे पाणी मारा!” त्या गर्दीत मीही उभा असेन, शेजारच्यांना गप्प करत.

आपला,
डोंबिवलीचा एक रहिवासी